सालदार आणि सोयरा: तिबिलिसीला येऊ घातलेल्या मुलीस

तुझे पत्र मिळाले. खोलीभाडे, मेस आणि थंडीचे कपडे यांबद्दलचे प्रश्न सोपे आहेत, ते फोनवर सांगेन. पत्राच्या शेवटी तू जे विचारले आहेस, त्याला मात्र फोन पुरणार नाही. तू लिहितेस की ज्या शेतकरी नेत्यासाठी तुझ्या बाबांनी दोन रात्री पोलीस ठाण्यात काढल्या, त्याने पुढे ज्यांच्याविरुद्ध मोर्चे काढले होते त्यांचेच तिकीट घेतले, आणि तेव्हापासून कोणत्याही पुढाऱ्याचे नाव निघाले की बाबा उठून वावरात जातात. मग जॉर्जियाची राजधानी असलेल्या तिबिलिसीतले विरोधी पुढारीही धुतल्या तांदळासारखे नसताना लोक त्यांच्या बाजूने मार का खातात, आणि तिथे आल्यावर आपण कोणासोबत उभे राहावे, असा तुझा प्रश्न आहे.

मी वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातला. तुझ्यासारखाच डॉक्टर व्हायला जॉर्जियात आलो, पदवी घेतली, भारतात डॉक्टरकी करायला लागणारी परीक्षा दोनदा हुकली आणि आता इथे आपल्या मुलांसाठी मेस चालवतो. त्यामुळे माझे म्हणणे अभ्यासकाचे नाही, इथे भाड्याने राहणाऱ्या माणसाचे आहे.

आधी कायद्याचे बोलतो, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान इराक्ली कोबाखिद्झे यांनी युरोपीय संघातल्या प्रवेशाच्या वाटाघाटी २०२८ च्या अखेरपर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले आणि त्या रात्रीपासून संसदेसमोरच्या रुस्तावेली रस्त्यावर शेकडो दिवस सलग लोक जमत राहिले. त्यानंतर रस्ता अडवण्याचा दंड ५०० लारीवरून ५,००० लारी झाला, म्हणजे आपल्या दीड लाख रुपयांच्या आसपास. कॅमेरे चेहरा ओळखतात, आणि दंडाची नोटीस नंतर पाठोपाठ यायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या दंडाच्या जागी थेट कोठडीची शिक्षा आली. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची तरतूदही आहे. तुझ्या बाबांनी वावर गहाण टाकून भरलेले शुल्क एका संध्याकाळपायी बुडता कामा नये, म्हणून मोर्च्यात तू उभी राहू नकोस, एवढे मी मोठा भाऊ म्हणून बजावतो.

आंदोलनाला पैसेही देऊ नकोस. मे २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने ज्या संस्थांना वीस टक्क्यांहून अधिक पैसा बाहेरून येतो, त्यांच्यावर परकीय हितासाठी काम करणारे असा शिक्का मारला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये आंदोलकांचे दंड भरणाऱ्या काही निधींची खाती गोठवण्यात आली. विरोधक बाहेरच्या पैशावर नाचतात हाच सत्ताधाऱ्यांचा मुख्य आरोप असल्यामुळे, तू प्रेमाने दिलेल्या पन्नास लारी उद्या त्यांच्याच हातातला पुरावा होतील.

आता मूळ गोष्ट. माझी घरमालकीण साठीपुढची आहे. तिचा मुलगा मिखाईल साकाश्विली यांच्या काळात ग्लदानीच्या तुरुंगात होता. साकाश्विली म्हणजे २००३ च्या गुलाब क्रांतीतून वर आलेले आणि २००४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष झालेले पुढारी. त्यांनी वाहतूक पोलिसांचे सगळे खाते मोडून नवे उभे केले. चिरीमिरी दिल्याशिवाय गाडी पुढे न सरकणाऱ्या देशात हे केवढे मोठे काम होते, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. वीज आली, दाखले वेळेवर मिळू लागले. पण त्याच राज्यात नोव्हेंबर २००७ मध्ये मोर्चेकऱ्यांवर अश्रुधूर आणि रबरी गोळ्या सोडून एका विरोधी दूरचित्रवाहिनीवर पोलीस घालण्यात आले, उण्यापुऱ्या चाळीस लाखांच्या देशात कैद्यांची संख्या २४ हजारांच्या घरात गेली, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ग्लदानीतल्या कैद्यांच्या छळाच्या चित्रफिती घराघरांत दिसल्या. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडणूक होती. साकाश्विलींचा पक्ष हरला, त्यांनी पराभव मान्य केला आणि सरकार सोडले; राष्ट्राध्यक्षपदाची मुदत २०१३ मध्ये संपली तेव्हा तेही पद सोडले.

घरमालकिणीने त्या वेळी अब्जाधीश बिद्झिना इवानिश्विली यांच्या जॉर्जियन ड्रीम या पक्षाला मत दिले होते, जो तेव्हापासून सत्तेत आहे, आणि त्याचा तिला आजही पश्चात्ताप नाही. मुलाच्या पाठीवरचे वळ तिने पाहिलेले आहेत. तरीही बारा वर्षांनी त्याच जॉर्जियन ड्रीमविरुद्ध ती थर्मासात चहा घेऊन रुस्तावेलीवर जाते आणि साकाश्विलींच्या राष्ट्रीय चळवळ या पक्षाच्या पोरांच्या शेजारी उभी राहते. साकाश्विली स्वतः सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुपचूप परतले, १ ऑक्टोबरला पकडले गेले आणि तेव्हापासून कैदेत आहेत. त्यांची तसबीर तिने कधी हातात घेतली नाही. ती त्या पोरांना सांगते की तुम्ही निवडून आलात तर मी पहिल्या दिवशी तुमच्या दारात येईन आणि तुरुंगाचा हिशेब मागेन, आणि पोरे मान खाली घालतात. एकदा त्यांच्यातला एक जण म्हणाला की तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यावर ती म्हणाली, पक्षाचे नाव घेतलेस ना, मग त्याचे कर्जही घे.

बाकीच्या पुढाऱ्यांचे थोडक्यात सांगतो. गिओर्गी गाखारिया आज विरोधात आहेत, पण जून २०१९ मध्ये संसदेसमोर रबरी गोळ्या सुटल्या आणि काही तरुणांचे डोळे गेले, तेव्हा गृहमंत्री तेच होते, आणि त्यानंतर काही महिन्यांत ते पंतप्रधान झाले. सालोमे झुराबिश्विली २०१८ मध्ये जॉर्जियन ड्रीमच्याच पाठिंब्यावर राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि पुढे त्याच पक्षाच्या परकीय हितसंबंधांच्या कायद्याला त्यांनी नकाराधिकार वापरला, जो संसदेने मोडून काढला. ऑक्टोबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत काही पक्षांनी बहिष्कार घातला आणि काही उतरले. म्हणजे संकटातही यांचे एकमत नाही. सत्ताधाऱ्यांना ही मंडळी अशीच हवी आहेत, कारण कोणीही टीका केली की ‘हे सगळे जुन्या राष्ट्रीय चळवळीचेच’ असे म्हणून हात झटकता येतात. शिक्षिका असो, पत्रकार असो वा माझी घरमालकीण असो, सर्वांच्या तोंडावर साकाश्विलींचा मुखवटा चढवला जातो. म्हणून पुढाऱ्यांचे डाग लपवणाऱ्या समर्थकांपेक्षा ते उघड बोलून दाखवणारे समर्थक त्या मुखवट्याला जास्त जड जातात, असे माझे मत आहे.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठरतो. कास्तकार त्याची कुंडली पाहत नाही आणि लेकही देत नाही. वर्षभराचे काम, त्याचे मोल आणि वर्ष संपल्यावर मोकळे होण्याची मुभा, एवढेच बोलणे असते. आपल्या गावात पुढाऱ्याला आपण सोयरा करून बसतो, म्हणून तो फिरला की घरातले कोणी गेल्यासारखे वाटते. तुझ्या बाबांचे दुःख मला या जातीचे वाटते, आणि त्याला मी हसत नाही, कारण मीही ते भोगले आहे. पण इथे एक अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. मोकळ्या निवडणुकीत चार सालदारांतून एक निवडता येतो. जिथे बाकीचे तुरुंगात वा परदेशात आहेत, तिथे मृग तोंडावर आलेला असतो आणि दारात उभा असतो तो एकच, तोही मागच्या मालकाकडे बदनाम झालेला. अशा वेळी मी एकच गोष्ट पाहतो: साल संपल्यावर हा जाईल का? साकाश्विली हरल्यावर गेले. त्यांच्या इतर सर्व पापांच्या यादीत ही एक नोंद मी खोडू शकत नाही. सत्तेत असलेले आज जाण्याची वाटच बुजवत आहेत, आणि माझ्या लेखी भांडण तिथे आहे.

हे परक्या देशाचेच आहे असे समजू नकोस. आणीबाणीत आमच्या गावापासून जवळच पवनारला विनोबा होते, आणि त्यांच्या नावाने फिरलेला ‘अनुशासन पर्व’ हा शब्द माझ्या आज्याला शेवटपर्यंत सलत राहिला, कारण त्याने भूदानात पायी चालून त्या माणसाला देवासारखे मानले होते. १९७७ मध्ये त्याने जनता पक्षाला मत दिले. त्या पक्षात समाजवादी, जनसंघवाले आणि काँग्रेसमधून फुटलेले म्हातारे एकाच बैलगाडीत बसलेले होते, आणि आज्याचे त्यांपैकी एकाशीही पटत नव्हते. विदर्भाने बहुतेक जागा तेव्हाही काँग्रेसलाच दिल्या, त्यामुळे गावात त्याची थट्टा झाली ती वेगळीच. १९७९ मध्ये ती गाडी मोडली. पण त्याआधी, १९७८ मध्ये, चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ घातले गेले आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. भांडकुदळ, स्वार्थी, दोन वर्षांत फुटलेल्या लोकांनी केलेले हे काम आजही आपल्या घटनेत आहे.

म्हणून कोणालाही पाठिंबा द्यावा असे मात्र नाही. जो म्हणतो की माझ्या काळात जे तुरुंगात झाले ते योग्यच होते, किंवा एकदा निवडून आलो की या लोकांना परत उभेच राहू देणार नाही, त्याच्या सभेला माझी घरमालकीण जात नाही, आणि तिच्या जागी असतो तर मीही गेलो नसतो. चूक केलेल्या माणसात आणि चुकीचा जाहीरनामा काढणाऱ्या माणसात फरक आहे, आणि तो भाषणात नव्हे तर अडचणीच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात दिसतो.

तुला मत नाही, मोर्चा नाही, पैसा नाही, मग उरते काय, असे तू विचारशील. भाषा शीक. महाविद्यालयात इंग्रजीवर भागते, म्हणून आपली मुले सहा वर्षे राहून भाजीवालीशीसुद्धा खुणांनी बोलतात आणि ‘हे सगळे अमेरिकेने पेटवलेले’ वा ‘हे सगळे रशियाने’ असे सांगत गावी परततात. समाजमाध्यमांवर इथल्या पुढाऱ्यांची बाजू घेऊन लिहू नकोस, पण घरी फोनवर खरे सांगत जा. वर्गातली इथली मुलगी रात्री उशिरा रस्त्यावरून आली आणि सकाळी प्रात्यक्षिकाला डोळे चोळत उभी राहिली, तर तिला आपली वही दे.

येण्यापूर्वी बाबांना एकदा विचारून ये की त्या नेत्याने तिकीट घेण्याआधी गावाला नेमके काय कबूल केले होते, आणि ते कोणी लिहून घेतले होते का. घरमालकीण तुला ते विचारणार आहे. मी तिला तुझ्या पत्राचा सारांश सांगितला तेव्हापासून ती दोनदा विचारून गेली. खोली तिच्याच घरी आहे, वरच्या मजल्यावरची. स्वेटर इथे घे, तिकडून ओझे आणू नकोस, पण तुरीची डाळ जमेल तेवढी आण.