सोसायटीच्या गटाने मुलांच्या रुग्णालयासाठी दिवाळीत निधी कसा जमवावा?

तुमचा दहा-बारा जणांचा गट आहे आणि परळच्या वाडिया रुग्णालयासाठी काहीतरी करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. १९२९ पासून मुलांवर उपचार करणारी ही संस्था आहे, गरज काय ते त्यांनाच नेमकं ठाऊक. आपण खेळणी घेऊन जातो आणि तिथे एखाद्या बाळाची औषधं अडलेली असतात. एकाच गोष्टीसाठी पैसे मागा, लोक मोकळ्या हाताने देतात.

दिवाळीआधी फराळाचा स्टॉल लावाच. आमच्या गटात चकल्या आणि चिवडा सर्वांत आधी संपायचा, करंज्या मात्र वाटेत फुटायच्या. ऑर्डर पंधरा दिवस आधी घ्या, किराण्याचा खर्च वेगळा लिहा, म्हणजे नफा किती ते स्पष्ट दिसतं.

पैशांचं मात्र जपून. वर्गणी कुणाच्याही खासगी खात्यात घेऊ नका, देणगीदारांना थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायला सांगा. आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जी ची पावती तिथूनच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती करसवलत नाही. दारोदार वर्गणी काढणार असाल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी आधी काढा.

आणि कृपा करून आजारी लेकरांचे फोटो पोस्टरवर लावू नका. आई-बाप आधीच खचलेले असतात, त्यांना नाही म्हणणं जड जातं.