छतावर सोलर: दुकानदाराला परवडेल का?

प्रश्न: सातपूरला आमचं दोन मजली शोरूम आहे, महिन्याला साधारण ३००० युनिट जातात, युनिटला १२ रुपये पडतात. २० किलोवॅटला १० लाखांचं कोटेशन आलंय, तीन वर्षांत पैसे वसूल म्हणतात. खरंय का हो?

उत्तर: दादा, हिशोब अगदीच खोटा नाही पण घाई नको. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर रोज ४ युनिट मिळतात, म्हणजे २० ला महिन्याला २४०० आणि तुमच्या रेटने २८,८०० रुपये, त्यावरून तीन वर्षं निघतात, पण हे सगळी वीज पूर्ण भावाने वाचली तर! फिक्स चार्ज काही जात नाही, पावसाळ्यात जनरेशन पडतं, आणि शोरूम संध्याकाळीच जास्त गजबजत असेल तर दुपारची वीज नेट मीटरिंगमधून (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वजा करून घ्यायची सोय) कशी वळती होते ते आधी नीट समजून घ्या, बिलावरचा टीओडीचा, म्हणजे दिवसातल्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराचा, तक्ता बघा. मी तुमच्या जागी चार-पाच वर्षं धरली असती.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी घरांसाठीच आहे, दुकानाला नाही, कुणी कबूल केली तर सावध व्हा. डेप्रिसिएशनचं (घसारा, जो धंद्याच्या करपात्र नफ्यातून वजा होतो) मात्र सीएंना नक्की विचारा, ४० टक्के मिळतं, लोक हेच विसरतात.

छत २००० स्क्वेअर फूट मोकळं लागेल. पाण्याच्या टाकीची सावली सकाळ-दुपार स्वतः वर जाऊन बघा. पॅनल २५ वर्षं चालतात, इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) त्या काळात एकदा बदलावा लागतो, तो खर्च आत्ताच धरा.