जामीन मंजूर होऊनही भाऊ तुरुंगातच आहे. आत असलेल्या माणसाला हक्क असतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ मोबाइल चोरीच्या पहिल्याच गुन्ह्यात चार महिन्यांपासून आत आहे. दोन महिन्यांपूर्वी पंचवीस हजारांचा जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळत नाही. वकील फोन उचलत नाहीत. आणि मागच्या मुलाकातीत भावाने मारहाण झाल्याचं सांगितलं. शेवटी तुम्ही वैतागून विचारलंय की कैद्याला हक्क असतात तरी का.

मी फौजदारी वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील पुरवणारी सरकारी यंत्रणा) पॅनेलवर असल्यामुळे तुरुंगातल्या विधी सहाय्य कक्षातही बसतो. तेव्हा तत्त्वाची गोष्ट उरकून लगेच कामाचं सांगतो.

हक्क असतात. तुमचा भाऊ तर अजून दोषीसुद्धा ठरलेला नाही. तो न्यायाधीन बंदी आहे, आपण ज्याला कच्चा कैदी म्हणतो तो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे चारातली तीन. तुरुंगात गेल्यावर कायद्याने स्पष्टपणे काढून घेतलेलं तेवढंच जातं, बाकीचं राहतं. फिरण्याचं स्वातंत्र्य जातं. मतदानाचा हक्कही जातो, तोही कच्च्या कैद्याचासुद्धा, जे मला आजही पटत नाही. पण जीव, शरीर, प्रतिष्ठा, वकील, उपचार, घरच्यांची भेट, पत्र हे सगळं शाबूत असतं. यातला एक महत्त्वाचा निकाल मराठी पुस्तकामुळे लागलाय हे फार जणांना माहीत नसतं. प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाही म्हटलं. उच्च न्यायालयात सरकार हरलं, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरलं. पुस्तक पाठवू नये असं कोणत्याही नियमात नाही, मग तुम्ही अडवणार कशाच्या जोरावर, असा तो साधा मुद्दा होता.

अडचण हक्क नसण्याची नाहीच. अडचण अशी की हे हक्क कागदावर मागितल्याशिवाय हलत नाहीत, आणि आतल्या माणसाजवळ ना कागद असतो, ना झेरॉक्स, ना कुणाच्या टेबलापाशी उभं राहायची सोय. ते काम बाहेरच्याने करायचं असतं, तुमच्या बाबतीत तुम्ही. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरून चला. तोंडी "साहेबांना सांगितलंय" याला काडीची किंमत नाही.

आता सगळ्यात आधी मारहाण, कारण खुणा पुसल्या जातात. भाऊ पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर येईल, प्रत्यक्ष किंवा व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सवर. व्हीसीची खोली मी पाहिली आहे. भिंतीवर स्क्रीन, समोर एक खुर्ची, दाराबाहेर रांग. नाव पुकारतात, बंदी खुर्चीवर बसतो, पलीकडून पुढची तारीख येते, हा हात जोडतो आणि उठतो, मागचा पुढे सरकतो. मिनिटभराचं काम. मारहाणीबद्दल तक्रार आहे का, असं अटकेनंतर आणलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून विचारावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात सांगितलं. ते प्रकरणही मुंबईच्याच तुरुंगातल्या महिला कैद्यांचं. पण तारखेमागून तारीख पडत असताना त्या मिनिटभरात कोण विचारतो? आणि मागे शिपाई उभा असताना बोलायला जीभ रेटत नाही. भावाला मुलाकातीत सांगून ठेवा की खुर्चीवर बसल्याबरोबर पहिलं वाक्य "साहेब, मला मारलंय, माझी तपासणी करा" हेच बोलायचं. पण सगळं त्याच्यावर सोडू नका.

ज्या न्यायालयात केस आहे तिथे अर्ज द्या आणि त्याची प्रत प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कोणत्या बराकीत, कोणी मारलं (नाव ठाऊक नसेल तर हुद्दा किंवा वर्णन), कुठे लागलं, एवढं लिहा. मागणी नेमकी ठेवा: तुरुंगाबाहेरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी, तिचा अहवाल न्यायालयासमोर, त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश, आणि भावाला त्या कर्मचाऱ्यापासून वेगळं ठेवणं. खुणा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या असतील तर तसं लिहा. नुसतं ऐकलं असेल तर "भावाने सांगितलं" असंच लिहा. पदरचं काही घालू नका. एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या दहा गोष्टींवर पाणी पडतं.

"साध्या अर्जाने काय होणार" असं म्हणू नका. तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बात्राने दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने (तुरुंगातल्या पहारेकऱ्याने) केलेल्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. ना वकील, ना कोर्ट फी. तेच पत्र याचिका म्हणून चालवलं गेलं आणि १९७९ मध्ये त्यावर निकाल झाला. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात, न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी द्याव्यात, कैद्यांचं गाऱ्हाणं एकांतात ऐकावं, हे त्यातूनच आलं.

मारहाणीनंतर घरचे लगेच म्हणतात, दुसऱ्या तुरुंगात हलवा. जरा थांबा. तुरुंग लांब गेला की तुमच्या मुलाकाती कमी होतात, तारखेला आणायला पोलीस गार्ड मिळत नाही, आणि केस रखडते. बराक बदलून भागत असेल तर तेच मागा. उलट बाजूने, तुरुंग प्रशासन तक्रारीचा राग म्हणून त्याला दूर पाठवायला निघालं, तर कच्च्या कैद्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय असं हलवता येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात हे सांगितलंय.

आता जामीन. खरं दुखणं इथे आहे. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेली माणसं मला दर भेटीत दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपला जामीन झालाय हेच ठाऊक नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात गेली पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांना कैद्याच्या आर्थिक परिस्थितीचा अहवाल करून अट सैल करण्याची विनंती न्यायालयापुढे ठेवता येते. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहूनही अटीचा फेरविचार करू शकतं. आणि स्थानिकच जामीनदार हवा या हट्टामुळे सुटका लांबते, तेव्हा अशी अट घालू नये, असंही त्यात आहे. तुमच्या भावाला तर दोन महिने झाले. तेव्हा या आदेशाचा तारखेसह उल्लेख करून अट शिथिल करण्याचा अर्ज द्या. जामीनदाराऐवजी वैयक्तिक जातमुचलक्यावर (त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर) सोडा, ते शक्य नसेल तर रक्कम कमी करून रोख जामीन घ्या, आणि तेही नसेल तर जामीनदार शोधण्यापुरता तात्पुरता जामीन द्या. तिन्ही मागण्या याच क्रमाने एकाच अर्जात करा. सोबत घरच्या परिस्थितीचे पुरावे लावा: रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार.

तुम्ही स्वतः जामीनदार राहायला गेलात तर "दुसऱ्या जिल्ह्यातले आहात" म्हणून तुम्हाला नाकारलं, असंही तुम्ही लिहिलंय. १९७८ सालचं मोतीरामचं प्रकरण यासाठी पाठ करून ठेवा. मध्य प्रदेशातला हा गवंडी. त्याच्या जामिनाला दहा हजार मागितले, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही गोष्टी झाडून टाकल्या. म्हणजे तुमची हुबेहूब अडचण जवळपास पन्नास वर्षांपूर्वी निकाली निघालेली आहे, तरी काउंटरवर अजून तेच ऐकायला मिळतं.

पैशाची सोयही आहे. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी रक्कम (योजना सुरू झाली तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत) जिल्हा समितीच्या शिफारशीने भरली जाते. शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी ही मर्यादा तेव्हा २५,००० होती. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार या कायद्यांखालच्या केसेस त्यातून वगळल्यात, चोरी वगळलेली नाही. योजनेचं नाव घेऊन विचारा. विचारल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही.

न्यायालयाच्या आवारात कोणीतरी येऊन "पाच हजारांत जामीनदार देतो" म्हणेल. नको म्हणा. ते भाड्याचे जामीनदार खोटी कागदपत्रं लावतात, एकच माणूस चार केसेसमध्ये उभा असतो, आणि पकडला गेला की भावाचा जामीन रद्द होतो, वर नवा गुन्हा तुमच्या गळ्यात पडतो.

वकिलांचं. अटकेत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत प्राधिकरणाचं कार्यालय असतं, बऱ्याच ठिकाणी लोक अभिरक्षक (आरोपींची मोफत बाजू मांडणारे वकील) कार्यालयही आहे. तिथे तुम्ही जा, किंवा भावाला आतून अधीक्षकांमार्फत अर्ज करायला सांगा. १५१०० ही हेल्पलाइनही आहे. आधीच्या वकिलांनी फी बाकी म्हणून कागद अडवले तर त्यांना तसा अधिकार नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलंय. (माझे काही मित्र हे वाचून रागावतील. रागावोत.) मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील असंही समजू नका. फक्त त्याच्याकडे केसेस ढीगभर असतात, म्हणून भेटायला जाताना एफआयआर, जामिनाचा आदेश आणि सीएनआर नंबर (न्यायालयाने केसला दिलेला क्रमांक) हातात ठेवा. तो नंबर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख तुम्हालाच दिसते, कुणाला फोन करत बसावं लागत नाही. आणि वकील आत भेटायला गेले की कर्मचाऱ्याने लांबून बघावं, बोलणं ऐकू नये.

मुदतींचं एवढंच. चोरीसारख्या गुन्ह्यात साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण ते येण्याआधी मागावा लागतो. तुमच्या केसमध्ये दोषारोपपत्र आलं असेल तर ती वेळ गेली आहे. दुसरी मुदत अजून पुढे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९ प्रमाणे, आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडावं लागतं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. त्यासाठी न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी अधीक्षकांची आहे. एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर मात्र ही सवलत मिळत नाही. वर सांगितलेले अर्ज वेळेत गेले तर तुम्हाला तिथवर थांबावं लागू नये.

जामीन भरला की सुटकेचा आदेश तुरुंगात पोचायला हवा. काही तुरुंगांच्या दारात त्यासाठी पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळांनाच उघडतात. वेळ चुकली की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, म्हणून आदेश सकाळीच मिळेल असं बघा. त्याआधी तुरुंगाच्या कार्यालयात एक गोष्ट विचारून घ्या: भावाच्या नावावर दुसऱ्या पोलीस ठाण्याचं एखादं वॉरंट आलेलं नाही ना. ते असेल तर या केसमध्ये सुटूनही तो दारातून बाहेर येणार नाही, आणि त्या केसचा जामीन वेगळा घ्यावा लागेल.