लग्न ठरलं नाही, पगार मात्र आत्ताच कमी

प्रश्न : मुलगी यंदा पणजीहून बी.फार्म. झाली. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूए (म्हणजे औषधांच्या गुणवत्तेची खात्री करणाऱ्या) विभागात २४ हजारांची नोकरी मिळते आहे आणि इथे माशेलातच एका मेडिकल स्टोअरमध्ये १५ हजारांची. माझी नणंद म्हणते, पुढे मुलंबाळं झाली की बायकांचा पगार अडतोच, मग आत्ता एवढी धावपळ कशाला? मीसुद्धा पहिल्या बाळंतपणात नोकरी सोडली होती. जवळचीच घेतलेली बरी ना? धाकटा मुलगा फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो आहे, त्याची काही काळजी नाही.
— एक आई, माशेल

उत्तर : ताई, तुमच्या नणंदेचं अर्धं म्हणणं खरं आहे. आई झाल्यावर बाईची कमाई मागे पडते, हे नीट मोजलं गेलंय. डेन्मार्कमध्ये रजा आणि पाळणाघरांची सोय आपल्यापेक्षा कितीतरी बरी. तरीही तिथल्या सरकारी नोंदी तपासल्यावर दिसलं, की पहिलं मूल होईपर्यंत बायका आणि पुरुषांची कमाई बरोबरीने वाढते, मग बायकांची एकदम घसरते आणि पुढे कित्येक वर्षं सुमारे २० टक्क्यांनी मागेच राहते. बापांच्या कमाईला धक्काही लागत नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर सारख्याच पात्रतेचे काल्पनिक उमेदवार लोकांपुढे ठेवले होते. आई असलेल्या उमेदवाराला कमी पगार सुचवला गेला आणि बाप असलेल्याला बिनमुलांच्या पुरुषापेक्षा जास्त! ‘संसारी मुलगा आहे, टिकून राहील’ हे आपल्याकडेही किती सहज बोललं जातं, बघा.

हे नुकसान होतं कसं, ते कळलं तर निर्णय सोपा होईल. समजा मुलीला २४ हजारांवर दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांनी पगार ५१,८०० च्या आसपास जातो. बाळंतपणाच्या रजेमुळे ‘या वर्षी काम कमी भरलं’ म्हणून दोन वाढी हुकल्या, तर तो ४४,४०० च्या आसपास राहतो. म्हणजे महिन्याला ७,४०० रुपयांचा फरक, आणि तो नंतर आपोआप भरून निघत नाही, कारण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी रकमेवरच मोजली जाते. नोकरी सोडून पाच वर्षांनी परत येणारीचं काय होत असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता नणंदेच्या म्हणण्याचा उरलेला अर्धा भाग. ती पुढच्या घसरणीची भीती घालून २४ ऐवजी १५ घ्यायला सांगते आहे. म्हणजे मूल नाही, लग्न नाही आणि पगार आजच ९ हजारांनी कमी. डेन्मार्कमध्ये निदान मूल होईपर्यंत तरी थांबतात!

आणि ती ‘जवळची, सोयीची’ नोकरी खरंच सोयीची आहे का? मातृत्व लाभाचा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना लागू होतो. माशेलच्या त्या दुकानात मालक धरून माणसं किती असतील? तीन, फार तर चार. म्हणजे हक्काची भरपगारी रजा नाहीच. ‘बघू, ये नंतर’ एवढंच. कारखान्याला मात्र हा कायदा लागतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा, बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. पन्नास किंवा जास्त कामगार असले तर पाळणाघराची सोय करावी लागते. रजेवर असताना काढून टाकता येत नाही आणि सेवाशर्तीही तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. एजन्सीमार्फत घेतलं असलं तरी हे हक्क जात नाहीत. अर्थात, रजेचा पगार बहुधा कंपनीलाच द्यावा लागतो, म्हणून मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरवलंय?’ हे आडून विचारतात. मुलीने ‘सध्या कामाचाच विचार आहे’ म्हणून विषय संपवावा. जास्त खुलासा करू नये.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचा अभ्यास केला आहे. तिथे बायका-पुरुषांच्या कमाईतला फरक फार कमी, कारण एकाचं काम दुसरा सहज उचलतो, माहिती संगणकावर असते, त्यामुळे कमी तास काम केलं तरी तासाचा दर पडत नाही. हे वाचून कुणी मेडिकल स्टोअरची बाजू घेईल, पण आपल्याकडच्या एकट्या दुकानात तसं काही नसतं. घ्यायचं ते तत्त्व. मुलीने क्यूएमध्ये दोन-तीन वर्षं बॅच रेकॉर्ड (प्रत्येक घाण्याची नोंद), डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेला फरक), ऑडिट हे पक्कं शिकावं आणि मग रेग्युलेटरी अफेअर्सकडे, म्हणजे औषधांना सरकारी परवानग्या मिळवण्याच्या कामाकडे, वळायचं बघावं. तिथलं बरंचसं काम डोसियर (परवानगीसाठीची कागदपत्रं) आणि फायलींचं, जनरल शिफ्टचं. अर्धं राहिलेलं दुसऱ्याला पुढे नेता येतं.

मुलाची काळजी नाही म्हणता, तिथे मला जरा थांबावंसं वाटतं. त्याच डेन्मार्कच्या अभ्यासात असंही दिसलं, की जिच्या आईने नोकरी कमी केली, त्या मुलीचं मूल झाल्यावर नुकसानही जास्त. तुम्हाला दोष देत नाही. तेव्हा घरात कुणी विचारलंसुद्धा नसेल. पण ‘मुलं झाल्यावर नोकरीचं काय करशील?’ हे एकदा फर्मागुढीच्या चिरंजीवांनाही विचारा. त्यांची बायकोही कुणाची तरी मुलगीच असेल.

राहता राहिला प्रवास. कंपनीची बस कुठल्या नाक्यावर येते आणि सकाळच्या पाळीला किती वाजता, हे आधी विचारून घ्या. बस माशेलपर्यंत येत नसेल, तर पहिलं वर्ष वेर्ण्याजवळ दोघी-तिघींनी मिळून खोली घेणं परवडतं. ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी प्रोबेशन, नोटीस आणि रजा यांची कलमं मुलीला स्वतः वाचू द्या. नणंदेला नंतर दाखवा.