विंडसर कॅसल एका दिवसात: वाचकांचे प्रश्न

सहलींचा हंगाम जवळ आला की विंडसरबद्दल पत्रं येऊ लागतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. तिकिटांचे दर सारखे बदलतात, म्हणून पौंडांचे आकडे दिलेले नाहीत.

प्रश्न: लेस्टरहून आमच्या मंडळाचे ४२ जण कोचने जाणार आहेत. लहान मुलं आहेत, आजी-आजोबाही आहेत. वार कोणता घ्यावा, निघावं किती वाजता?

आधी वार पक्का करा, कोच मग. मंगळवारी आणि बुधवारी किल्ला बंद असतो. रविवारी उघडा असतो, पण सेंट जॉर्जेस चॅपल त्या दिवशी प्रार्थनेपुरतंच उघडतात, पर्यटकांना नाही. सुट्टीचा वार म्हणून रविवार ठरतो आणि आठव्या हेन्रीची कबर बघायला निघालेली मंडळी दारावरची पाटी वाचून परत फिरतात. उरले सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. नोकरदारांना शनिवारच जमणार, तर तोच घ्या, फक्त गर्दी धरून चाला. जूनमध्ये गार्टर ऑर्डरचा (ब्रिटनमधल्या सरदारकीच्या मानाच्या सन्मानाचा) समारंभ असतो, एखादा परदेशी राष्ट्रप्रमुख पाहुणा येतो; अशा दिवसांत किल्ला पूर्ण किंवा काही भाग बंद ठेवतात. किल्ल्याचं कामकाज बघणाऱ्या रॉयल कलेक्शन ट्रस्टच्या संकेतस्थळावर तारीख तपासल्याशिवाय मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नका.

मार्च ते ऑक्टोबर किल्ला सकाळी १० ते संध्याकाळी सव्वापाच उघडा असतो आणि शेवटचा प्रवेश ४ वाजता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद व्हायची वेळ आणि शेवटचा प्रवेश, दोन्ही तासभर अलीकडे येतात. लेस्टरहून एम-वन, एम-ट्वेंटीफाइव्ह, एम-फोर असा रस्ता धरला तर अडीच तास धरा. एम-ट्वेंटीफाइव्हचा भरवसा कुणी देऊ नये, म्हणून सव्वासातला कोच हललाच पाहिजे. पत्रकात "सात वाजता" छापा.

ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने घ्यावीच लागते आणि त्याच्या दिवसाच्या तासांनाही मर्यादा असते. "अजून अर्धा तास थांबा ना" ही विनंती त्याच्या हातात नसते. परतीची वेळ निघण्याआधीच त्याच्याकडून लिहून घ्या. कोच पार्क आल्मा रोडला आहे. तिथून पादचारी पुलाने विंडसर अँड ईटन सेंट्रल स्टेशनात शिरायचं, दुकानांमधून बाहेर पडलं की समोर किल्ला. तरुणांना दहा मिनिटं लागतात, आजोबांना वीस.

१५ किंवा जास्त माणसं असतील तर तिकिटं गट म्हणून काढता येतात. वेळ ठरलेलीच मिळते, आणि ती सुरक्षा तपासणीच्या दाराशी पोचायची असते. ही तपासणी विमानतळासारखी असते. एका माणसाला अर्धा मिनिट धरा. एकाच रांगेतून ४२ माणसं जायला २१ मिनिटं लागतील. वेळ कशात जातो तेही सांगतो: कोटाच्या खिशातली नाणी, पर्सच्या तळाशी गेलेल्या किल्ल्या, स्टीलचा डबा आणि फळं कापायला घेतलेली सुरी. सुरी आत नेऊच देत नाहीत. ती कोचमध्ये राहू दे.

प्रश्न: तीन तासांत काय बघावं आणि कोणत्या क्रमाने?

गुरुवारी किंवा शनिवारी जात असाल तर तिकिटाची वेळ सव्वाअकरा-साडेअकराची घ्या. पहारा बदलण्याचा कार्यक्रम सहसा ११ वाजता किल्ल्याच्या आत होतो. त्यासाठी येणारी नवी तुकडी बँड वाजवत गावातून, हाय स्ट्रीटवरून चढत येते. पावणेअकराच्या आधी गिल्डहॉलच्या (गावच्या जुन्या सभागृहाच्या) आसपास फुटपाथवर उभे राहिलात तर ती हाताच्या अंतरावरून जाते, तिकीट लागत नाही. पाऊस जोराचा असेल तर बँड येत नाही. वेळापत्रकही बदलतं, ते आदल्या दिवशी बघा. थांबलाच आहात तर गिल्डहॉलच्या खालच्या मोकळ्या कमानीत मान वर करून बघा. मधले खांब छताला टेकलेलेच नाहीत, वर बोटभर फट आहे. आधाराला खांब हवेतच असा गावकऱ्यांचा हट्ट होता म्हणून वास्तुविशारद रेनने ते नुसते दाखवण्यापुरते उभे केले, अशी दंतकथा आहे. फट मात्र खरी आहे.

आत गेल्यावर चढावरून नॉर्थ टेरेसकडे जा. क्वीन मेरीचं डॉल्स हाउस आणि स्टेट अपार्टमेंट्स (राजघराण्याची समारंभाची दालनं) यांची दारं तिथे आहेत आणि रांगा वेगळ्या लागतात. डॉल्स हाउस म्हणजे बाराला एक या प्रमाणातलं घर: नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. ते १९२४ मध्ये पूर्ण झालं आणि रचना एडविन लुट्येन्सची, म्हणजे नव्या दिल्लीच्या लुट्येन्सची. मुलं सोबत असतील तर चुकवू नका. मात्र रांग अर्ध्या तासावर गेली असेल आणि गटात सगळे मोठेच असतील तर सरळ स्टेट अपार्टमेंट्सच्या रांगेत लागा. दालनांना सव्वा ते दीड तास द्या. तिथून बाहेर आलात की उतार लागतो आणि चॅपल उतारावरच आहे. ते किल्ल्याच्या आधी बंद होतं, म्हणून तीनच्या आत तिथे पोचायचं. बाहेर पडायचा आठव्या हेन्रीचा दरवाजा चॅपलच्या खालच्या अंगालाच आहे, त्यामुळे ज्येष्ठांना पुन्हा चढायची वेळ येत नाही. उलट क्रमाने गेलात, आधी चॅपल आणि मग दालनं, तर दुपारी थकलेल्या पायांनी पुन्हा चढ येतो. बहुतेक गट इथेच मोडतात.

चॅपल चौथ्या एडवर्डने १४७५ मध्ये बांधायला घेतलं आणि ते पुरं झालं १५२८ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात. क्वायरच्या, म्हणजे चॅपलमधल्या गायकवृंदाच्या जागेच्या, फरशीत एक काळी शिळा आहे. तिच्याखाली हेन्री, त्याची तिसरी राणी जेन सीमोर आणि शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स आहेत. लोक ती शिळा ओलांडून वर कोरीव छत बघत पुढे जातात. खाली बघा. दुसऱ्या एलिझाबेथची कबर बाजूच्या छोट्या चॅपलमध्ये आहे. साध्या काळ्या दगडावर चार नावं आहेत: वडील, आई, ती स्वतः आणि फिलिप. तिथे थांबू देत नाहीत, रांग सरकत असते.

बाहेरच्या गाइडला दालनांत आणि चॅपलमध्ये मोठ्याने माहिती सांगता येत नाही. तिकिटातच ऐकायचं यंत्र मिळतं. त्यावर मराठी नाही, तेव्हा ज्यांना इंग्रजी जड जाईल त्यांना कोचमध्येच वीस मिनिटांत सगळं सांगून टाका.

प्रश्न: तिथे भारतातलं काय काय आहे? कोहिनूर तिथेच ना?

नाही. कोहिनूर लंडनला, टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. माणूस खाली पाडून बसलेला टिपूचा लाकडी यांत्रिक वाघही विंडसरला नाही, तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, आलेली वाघनखंही त्याच संग्रहालयाची. विंडसरला टिपूचं आहे ते सिंहासनावरचं वाघाचं शिर: आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, डोळे आणि दात स्फटिकाचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर सिंहासन फोडून त्याचे तुकडे वाटले गेले, त्यातला हा एक. ग्रँड व्हेस्टिब्यूल या दालनातल्या काचेच्या कपाटांत तो असतो. तिथेच ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनला लागलेली बंदुकीची गोळी आहे. बहुतेक लोक गोळी शोधतात आणि वाघापुढून निघून जातात.

दुसरी वस्तू पायाखाली आहे. वॉटर्लू चेंबरमधला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी विणला. त्याला कुठेही जोड नाही. भिंतींवरच्या चित्रांकडे बघताना तो राहून जातो.

प्रश्न: १९९२ च्या आगीत किल्ला जळाला होता. मग आता दिसतं ते जुनं की नवं?

दोन्ही, आणि कुठे बघायचं हे ठाऊक असेल तर सांधा सापडतो. २० नोव्हेंबर १९९२ ला राजघराण्याच्या खासगी चॅपलमध्ये एका दिव्याच्या झोताने पडदा पेटला. आग सुमारे १५ तास चालली, ११५ खोल्यांना झळ लागली आणि त्यात नऊ मोठी दालनं होती. नशीब असं की वायरिंग बदलायचं काम चालू असल्यामुळे बऱ्याच खोल्यांतल्या वस्तू आधीच हलवलेल्या होत्या. म्हणून इमारत जळाली, पण संग्रह बहुतांशी वाचला. दुरुस्तीला सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंड लागले आणि काम बरोबर पाच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९९७ ला संपलं. खर्चाची सोय म्हणूनच १९९३ पासून उन्हाळ्यात बकिंगहॅम पॅलेस तिकीट लावून उघडू लागले.

आग जिथे लागली तिथे आज लँटर्न लॉबी आहे. जुनं चॅपल पुन्हा न बांधता तिथे नवं अष्टकोनी दालन केलं. त्याला लागून सेंट जॉर्जेस हॉल, ५५ मीटरहून लांब. त्याचं छत कोसळलं होतं. नवं छत ओल्या, म्हणजे न सुकवलेल्या ओकचं आहे. असं लाकूड कापायला सोपं जातं आणि वाळताना सांधे आवळून घेतं. छतावर गार्टरच्या सरदारांच्या ढाली आहेत, मधूनच एखादी कोरी पांढरी दिसेल. ज्या सरदाराची पदवी काढून घेतली त्याचं चिन्ह पुसलेलं असतं. मुलांना कोऱ्या ढाली मोजायला लावा, पंधरा मिनिटं शांततेत जातात. ग्रँड रिसेप्शन रूममध्ये लाकडी फरशीचे वरून जळालेले ठोकळे उलटे करून पुन्हा बसवले आहेत. काळी बाजू खाली आहे.

प्रश्न: माझे गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल. किल्ला टेकाडावर आहे, चढ आहे आणि काही ठिकाणी दगडी फरसबंदी, तेव्हा सपाट तळव्याचे बूट घाला. दालनांसाठी लिफ्ट आहे, ती कर्मचाऱ्यांना विचारून वापरायची. व्हीलचेअर मिळते, पण मोजक्या असल्यामुळे आधी कळवलेलं बरं. राउंड टॉवरच्या वेगळ्या तिकिटाच्या नादी लागू नका, तिथे सुमारे २०० पायऱ्या आहेत.

प्रश्न: डबे कुठे खायचे?

दालनांत आणि चॅपलमध्ये खाणं चालत नाही. आत चौदाव्या शतकातल्या तळघरात अंडरक्रॉफ्ट कॅफे आहे, बघायला सुरेख, पण ४२ जणांना एकत्र जागा मिळणार नाही. डबे नदीकाठच्या अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये खा, कोच पार्कपासून जवळ आहे. मधल्या वेळेत बाहेर यायचं असेल तर निघण्याआधी कर्मचाऱ्यांकडून पुन्हा प्रवेशाचा परवाना मागून घ्या. तो न घेता बाहेर पडलेला माणूस परत आत येऊ शकत नाही. मोठ्या गटाने मात्र या भानगडीत पडू नये. पुन्हा तपासणी, पुन्हा एकवीस मिनिटं. साडेदहाच्या आत पोटभर नाश्ता आणि तीननंतर थालीपीठ, हे जास्त सोयीचं. हंसांपासून डबे सांभाळा, ते सरळ मांडीपर्यंत येतात.

प्रश्न: आम्ही लंडनला राहतो, सहा जण आहोत. ट्रेन बरी का?

बरी. वॉटर्लूहून विंडसर अँड ईटन रिव्हरसाइडला थेट गाडी आहे, साधारण ५५ मिनिटं. पॅडिंग्टनहून स्लाउला उतरून बदललं तर सहा मिनिटांची छोटी गाडी थेट किल्ल्याच्या समोर सोडते. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असाल तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह निवडा. गर्दीच्या वेळा सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. अट एकच, सगळ्यांनी एकाच गाडीने जायचं आणि यायचं. एक जण मागे दुकानात रमला तर त्याची सूट टिकत नाही.

किल्ल्याचं तिकीट थेट रॉयल कलेक्शन ट्रस्टकडून घेतलंत तर निघण्याआधी ते वर्षभराच्या पासमध्ये बदलून घेता येतं, फुकट. स्लाउ-रेडिंगकडच्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा. हिवाळ्यात, इतर वेळी बंद असलेल्या सेमी-स्टेट रूम्स उघडतात, तेव्हा पुन्हा जा. दलालाच्या किंवा टूर कंपनीच्या तिकिटावर ही सोय नाही.

प्रश्न: पुण्याहून येतोय. हीथ्रोला सकाळी उतरून बॅगांसकट थेट विंडसरला गेलो तर?

किल्ल्यात मोठ्या बॅगा नेता येत नाहीत आणि ठेवायला लॉकरही नाहीत. हीथ्रोच्या टर्मिनलवर सामान ठेवायचे काउंटर आहेत, तिथे बॅगा टाका. किल्ला रस्त्याने जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिकिटाची वेळ मात्र दुपारची घ्या, कारण इमिग्रेशनची रांग किती लांबेल हे उतरल्यावरच कळतं.