‘ती दारू सोडते, तो भाग कितवा?’

मागच्या अंकात आम्ही ‘फील गुड’ या ब्रिटिश मालिकेवर लिहिलं होतं. कॅनडात वाढलेल्या विनोदी कलाकार मे मार्टिन यांनी जो हॅम्पसन यांच्यासोबत ती लिहिली. पहिला हंगाम २०२० मध्ये आला, दुसरा २०२१ मध्ये. लंडनमध्ये स्टँडअप करणारी मे आणि शाळेत शिकवणारी जॉर्ज यांचं हे प्रेम, आणि त्याला लागून मेचं जुनं ड्रग्जचं व्यसन. लेख छापून आल्यावर गोव्यातून बरीच पत्रं आली. त्यांतली बहुतेक अशीच गोष्ट स्वतः लिहायला बसलेल्यांची आहेत. पटकथेचं काम करणारे आणि व्यसनमुक्तीत काम करणारे समुपदेशक यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

आमच्या नाट्यगटाला सहा भागांची वेब मालिका लिहायची आहे. दोन मुली, त्यांतली एक दारू सोडतेय. भाग केवढा ठेवावा आणि सोडण्याचा प्रसंग कितव्या भागात घ्यावा? – साखळी

‘फील गुड’चे दोन्ही हंगाम सहा-सहा भागांचे आहेत आणि भाग साधारण पंचवीस मिनिटांचा आहे. पहिल्या प्रयत्नाला हेच माप धरा. एका पानाला एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या मांडणीवरून आलेला आहे. देवनागरीत तो डोळे झाकून लावू नका. संवाद घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि तुमच्या पानाला किती वेळ लागतो ते काढा. एका भागात पंधरा ते वीस प्रसंग पुरतात. तीन पानांच्या वर गेलेला प्रसंग बहुतेक वेळा दोन जागी कापता येतो.

दारू सोडण्याचा प्रसंग पहिल्या भागाच्याही आधी घडून गेलेला असू द्या. ‘फील गुड’मध्ये जॉर्ज भेटते तेव्हा मे व्यसनापासून दूर आहे आणि जॉर्जला ते नंतर कळतं. गोष्ट तिथून पेट घेते. याउलट बहुतेक नवे लेखक पहिले तीन भाग ‘ती दारूकडे कशी वळली’ हे सांगण्यात घालवतात. प्रेमाला चौथ्या भागापर्यंत जागाच मिळत नाही, आणि तोवर प्रेक्षक उठून गेलेला असतो.

कागदावर दोन रकाने आखा, एक प्रेमाचा, दुसरा सावरण्याचा. प्रत्येक भागात निदान दोन प्रसंग असे हवेत, की एकाच घटनेने दोन्ही रकाने पुढे सरकतात. उदाहरणार्थ, मैत्रीण रात्री फोन उचलत नाही आणि हिची व्यसनमुक्तीची बैठक चुकते. एक रकाना पूर्ण काढूनही दुसरा जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तुम्ही दोन वेगळ्या मालिका लिहिताय.

एनएच्या, म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांच्या ‘नार्कोटिक्स अनॉनिमस’ गटाच्या, बैठकीचा प्रसंग लिहिलाय. सगळे गोल बसून रडतात. खोटा वाटतो. – मडगाव

कारण तिथे रडण्यापेक्षा हसणं पुष्कळ असतं, आणि ठरलेला क्रम तर असतोच असतो. नार्कोटिक्स अनॉनिमस १९५३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस त्याच्या आधीची, १९३५ची. बैठक तास-दीड तासाची असते. आधी ठरलेलं वाचन, मग एकेकाचं बोलणं. लोक आपलं पहिलं नाव सांगून बोलतात. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये सल्ला द्यायचा नाही, उलटं उत्तर द्यायचं नाही. विनोद नेमका या नियमातून निघतो. समोरचा भलतंच काही बोलतोय आणि तुमची नायिका ओठ दाबून बसलीय. वर्गणीची टोपली फिरते, बाहेरच्यांकडून पैसे घेतले जात नाहीत.

एनएत दिवसांप्रमाणे किल्लीला लावायचे टॅग देतात. पांढरा पहिल्या दिवशी, केशरी ३० दिवसांना, हिरवा ६० ला, लाल ९० ला, निळा सहा महिन्यांना, पिवळा नऊ महिन्यांना आणि अंधारात चमकणारा वर्षाला. तुमच्या नायिकेच्या स्कूटरच्या किल्लीला लाल टॅग दाखवा. त्यावर एक ओळही बोलावी लागणार नाही. परत व्यसन झालं की मोजणी पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा पांढरा टॅग. कंटिन्युइटीत, म्हणजे प्रसंगाप्रसंगांतला मेळ राखताना, हा रंग सांभाळायला एका माणसाला नेमा.

स्पॉन्सर म्हणजे आधी सावरलेला, एनएच्या सावरण्याच्या बारा पायऱ्यांमधून हात धरून नेणारा सदस्य. स्त्रीने स्त्रीला आणि पुरुषाने पुरुषाला स्पॉन्सर घ्यावं असं सुचवतात, कारण त्या नात्यात ओढ शिरू नये. तुमची नायिका मुलींच्या प्रेमात पडणारी आहे, म्हणजे ही सूचना तिच्याबाबतीत उलटी पडते. मेची स्पॉन्सर मॅगी वयाने बरीच मोठी आहे, तेही याच कारणाने पटतं. शिवाय पहिल्या वर्षी नवं नातं जोडू नये असंही बैठकीत सांगितलं जातं. बारा पायऱ्यांत ते लिहिलेलं नाही, पण सांगतात सगळेच. तुमच्या मालिकेचा अर्धा ताण या एका वाक्यात आहे, तो वापरा.

पाहायला जायचं तर खुल्या बैठकीलाच जा. बंद बैठक फक्त व्यसन असलेल्यांसाठी असते. वही काढू नका, फोन काढू नका, आणि तिथे ऐकलेली कुणाची गोष्ट पटकथेत उचलू नका.

मैत्रीण नायिकेला खोलीत कोंडते, ती रात्रभर तडफडते आणि सकाळी बरी होते. हा आमचा चौथा भाग. एका डॉक्टर मित्राने तो काढून टाकायला सांगितला. – फोंडा

मित्राचं ऐका. हा प्रसंग नुसता चुकीचा नाही, तो पाहून कुणी घरी तसं केलं तर जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. सगळ्यात वाईट अवस्था ४८ ते ९६ तासांत येते: ताप, भिंतीवर किडे दिसणं, आपण कुठे आहोत याचं भान जाणं. म्हणजे तुमची नायिका ‘बरी’ होऊन चहा पितेय ती सकाळ प्रत्यक्षात धोक्याच्या मधोमध असते. असं का होतं? दारू मेंदूला रोज शांत करत असते आणि मेंदू त्याच्याविरुद्ध जोर लावायला शिकलेला असतो. दारू गेली तरी तो जोर लगेच जात नाही. म्हणून दवाखाना लागतो. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपॅमसारखं औषध दिवसागणिक कमी करत देतात, ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देतात, आणि हे सगळं साधारण आठवडाभर चालतं. गोव्यात हा प्रसंग घडवायचा तर बांबोळीची मनोरुग्ण संस्था, म्हणजे आयपीएचबी, हे स्वाभाविक ठिकाण आहे.

ब्राऊन शुगरचं, म्हणजे भेसळीच्या हेरॉईनचं, वेळापत्रक वेगळं असतं. ८ ते १२ तासांत जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात कळा आणि जुलाब, मग आठवडाभरात उतार. या त्रासाने सहसा मरण येत नाही. धोका नंतर असतो. महिनाभर दूर राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते, त्याने जुनाच डोस घेतला की श्वास थांबतो. तुमच्या कथेत जीवघेणा प्रसंग हवाच असेल तर तो चौथ्या भागात नको, सगळ्यांना ‘आता सुटली बाई’ असं वाटत असताना, पाचव्याच्या शेवटी ठेवा.

चौथ्या भागासाठी आमच्याकडे याहून चांगली जागा आहे. तलफ चढते आणि बहुतेकदा १५ ते ३० मिनिटांत उतरते. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण भाग! एप्रिलचा महिना घ्या. सत्तरीतलं घर, मागे काजूची भट्टी चालू, बोंडांचा आंबूस वास खिडकीतून आत येतोय, मामा अंगणात उर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिंबू पिळतोय आणि ‘हे काय दारू नव्हे गो’ म्हणत पेला पुढे करतोय. नायिकेला भूक लागलीय, रात्रभर झोप नाही, आईशी वाजलंय आणि मैत्रीण पणजीला. भूक, राग, एकटेपणा, थकवा: समुपदेशक या चार गोष्टी आधी तपासायला सांगतात. तिला अंगणातून उठून गेटपर्यंत जाऊ दे, तिथून फोन लावू दे, काहीतरी खाऊ दे. तेवढी वीस मिनिटं न कापता दाखवा.

आमच्या कथेतली मावशी म्हणते, मुलींच्या नादी लागली म्हणून पिते. आई गुपचूप डाळीत गोळी मिसळते. ठीक आहे? – पेडणे

मावशीने म्हणावं, घराघरांत म्हणतात. कथेने मात्र तिला दुजोरा देऊ नये. मुलीवर प्रेम केल्याने व्यसन लागत नाही. रोज लपवत जगणं, पकडले जाण्याची भीती, घरातून तुटणं, यांचा भार पडतो आणि दारू हाताशी असते. समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत, आणि समलैंगिकता ‘बरी’ करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे. असा उपचार करणारा डॉक्टर कथेत आणलात तर त्याला चुकीच्या बाजूलाच उभा करा.

गोळीचं फार गंभीर आहे. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी घेतलेल्याने दारू घेतली की दारूचं शरीरात पुढे विघटन होत नाही, मधलं विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी माणूस दगावतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला गोळी दिलीय हे ठाऊकच नाही, तो सावध कसा राहील? आईची ही कृती मायेपोटी झालेली आणि तरीही भयंकर अशी दाखवा, आणि परिणाम पडद्यावर येऊ द्या.

फेणीच्या जागी काय वापरावं? – डिचोली

पाणी. रमला कोरा थंड चहा. सेटवर खरी बाटली रिकामीसुद्धा आणू नका, वास राहतो, आणि तुमच्या युनिटमध्ये कोण सावरतंय ते तुम्हाला माहीत असेलच असं नाही.

गोष्ट माझीच आहे. पण तेव्हाच्या मैत्रिणीने अजून घरी सांगितलेलं नाही. गावात सगळे ओळखतील. – वास्को

मग आधी तिची परवानगी, पटकथा नंतर. तिच्या प्रसंगांची पानं शूटिंगच्या आधी तिला वाचायला द्या, आणि ती नको म्हणेल ते काढा. नाव बदलून गोव्यात काही लपत नाही. गाव, पेशा, घरातली माणसं आणि तुमची भेट कशी झाली, या चारही गोष्टी बदला. तिचे खरे मेसेज शब्दशः वापरू नका. मग तिला ओळखणाऱ्या, पण तुमचं नातं ठाऊक नसलेल्या दोघांना दहा पानं वाचायला द्या. त्यांच्या तोंडी तिचं नाव आलं तर पुन्हा लिहा. ‘खरं तेच लिहिलं’ ही ढाल अपुरी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीच्या आरोपाला सत्याचा बचाव आहे, पण ते सांगणं लोकहिताचं असेल तरच. आणि कायदा तुमच्या बाजूने निघाला तरी तिचं घर तिच्या बाजूने असेलच असं नाही.

माझी जोडीदार पाच महिने दारूपासून दूर आहे. आम्ही दोघींनी ‘फील गुड’ पाहावी का? – पर्वरी

तिला विचारा आणि ठरवू तिलाच द्या. आधी सांगून ठेवा, की मालिकेत पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रसंग आहेत, आणि दुसऱ्या हंगामात कोवळ्या वयातल्या शोषणाच्या आठवणी आहेत. एका वेळी एकच भाग पाहा, जेवून पाहा, उशिरा रात्री नको. थांबवायचं बटण तिच्या हातात असू द्या. नंतर लगेच झोपू नका, थोडं चालून या. तिच्या मनात काय चाललंय हे शोधायला मालिकेचा उपयोग करू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये ठेवा, तुमच्यासाठीसुद्धा. दुसरं म्हणजे, कधी दाखल करायची वेळ आली तर ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न येणार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींनाही लागू होतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे प्रौढ व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, स्वतः निवडू शकते, आणि तो नातेवाईकच असावा असं बंधन नाही. साध्या कागदावर तिने लिहून सही करायची, तुम्ही संमती लिहून द्यायची. ती हवं तेव्हा हे बदलू किंवा रद्द करू शकते. ती ठीक असताना, एखाद्या रविवारी बसून हे करून टाका. एक प्रत तिच्या डॉक्टरांच्या फाइलला लावा, एक तुमच्याजवळ ठेवा.