ऑर्गनवादनावर घर चालेल का?

पालकांचे पत्र: माझी मुलगी नागपुरात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. ती पियानोची पाचवी श्रेणी उत्तीर्ण असून तीन वर्षांपासून सदर नावाच्या भागातील आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला की-बोर्ड वाजवते. बारावीनंतर चर्चची ऑर्गनवादकच व्हायचे, असा तिचा हट्ट आहे. इंग्लंडमध्ये ऑर्गनसाठी शिष्यवृत्ती मिळते असे ती म्हणते. मी रेल्वेत नोकरीला आहे. परदेशी शिकवण्याइतकी शिल्लक नाही. तिला अडवावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली काळजी पोटाची आहे, म्हणून तिचेच उत्तर आधी देतो. केवळ चर्चमधील ऑर्गनवादनावर घर चालेल अशी पगारी जागा भारतात जवळजवळ नसते, आणि नागपुरात तर ती गृहीत धरूच नये. बहुतेक ठिकाणी हे काम सेवा म्हणून केले जाते. मानधन असलेच तर नाममात्र असते, आणि एखाद्या लग्नाला वाजवले तर पाकीट हाती पडते, इतकेच. तरीही तिला अडवावे असे मी म्हणणार नाही, कारण या कलेत ज्यांची नावे आदराने घेतली जातात त्यांनीही वादनाच्या जोडीला दुसरे काम केलेले आहे. जर्मन संगीतकार बाख १७२३ मध्ये लाइपझिग शहरात गेला तो कँटर, म्हणजे चर्च व शाळेचा संगीतप्रमुख म्हणून. शाळेतील मुलांना गाणे शिकवणे आणि गायनवृंद तयार करणे ही त्याची नोकरी होती, आणि तिथल्या चर्चमधले ऑर्गन नेमाने वाजवणारे वादक वेगळेच होते. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां १९३१ पासून १९९२ मध्ये निधन होईपर्यंत पॅरिसमधील एकाच चर्चचे ऑर्गनवादक होते, पण त्यांतली बरीच वर्षे ते तिथल्या संगीत महाविद्यालयात शिकवतही होते. तेव्हा ऑर्गनवादक व्हावे की नाही यापेक्षा, ऑर्गनच्या जवळ राहता येईल असा कोणता व्यवसाय निवडावा, याचा विचार आपण दोघांनी करावा.

त्याआधी तिने हे वाद्य नीट ओळखले आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. तिच्यात पायांनी भाता चालतो आणि धातूच्या पट्ट्या वाजतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र पाय स्वर वाजवतात: खाली सुमारे तीस पट्ट्यांची स्वतंत्र पायपट्टी असते, वर हातांसाठी सहसा दोन किंवा अधिक की-बोर्ड असतात, आणि बाजूचे स्टॉप, म्हणजे खुंट्या, ओढून कोणत्या नळ्या बोलतील हे वादक ठरवतो. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, आणि बोट उचलताच स्वर तुटतो; पियानोसारखे पेडल दाबून तो लांबवता येत नाही. म्हणून एकाच पट्टीवर बोट बदलत स्वर जोडत जाण्याची सवय लावावी लागते, आणि की-बोर्डवर वाढलेल्या मुलांना हीच गोष्ट सर्वाधिक जड जाते. (की-बोर्डवरचे तयार ताल-ठेके तिने आजपासून बंद केले तर फार बरे होईल.)

याहून मोठी कसोटी साथीची आहे. सभागृहभर माणसे गात असतात तेव्हा वादकाने त्यांच्याबरोबर ओळीच्या शेवटी श्वास घ्यावा लागतो, गायनवृंदातील टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष, घसरले तर त्यांचा स्वर सावरून द्यावा लागतो, आणि चाल उंच वाटली तर तेच गीत एक स्वर खाली आणून त्याच क्षणी वाजवावे लागते. त्यात मराठी उपासनेत एकीकडे चार सुरांत, म्हणजे चार वेगवेगळे आवाज एकाच वेळी गातील अशी, बांधलेली पाश्चात्त्य चालीची गीते असतात, तर दुसरीकडे ना. वा. टिळकांसारख्यांची आपल्या चालींवर गायली जाणारी गीते असतात, ज्यांच्याखाली युरोपीय स्वरसंगती सरसकट घातली तर चालीचा जीव जातो. कुठे संगती द्यायची आणि कुठे नुसता आधारस्वर धरून गप्प राहायचे, हा विवेक परदेशी पदवीत शिकवला जात नाही. तो तिला इथेच कमवावा लागेल, आणि माझ्या मते तिची खरी किंमत त्यातूनच ठरेल.

आता शिष्यवृत्तीविषयी. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या महाविद्यालयांत ‘ऑर्गन स्कॉलर’ नेमले जातात हे खरे आहे, परंतु त्यासाठी मिळणारी रक्कम किरकोळ असते आणि परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क त्यातून मुळीच भागत नाही. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दावर विसंबून कर्ज काढू नये. जर्मनीत मात्र चर्च-संगीत हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, त्यात ऑर्गनबरोबर वृंदसंचालन, गायन आणि उत्स्फूर्त वादन शिकवले जाते, आणि पदवीनंतर चर्चमध्ये पूर्णवेळ पगारी जागाही असतात. सरकारी संस्थांतले शुल्क तुलनेने कमी असले तरी प्रवेशपरीक्षा कठीण असते, जर्मन भाषा चांगली यावी लागते आणि राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःचा असतो. हा रस्ता चार-पाच वर्षांनी, तयारी झाल्यावर पाहावा.

सध्या तिने बारावी सोडू नये. ए.बी.आर.एस.एम. या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या पद्धतीत सहाव्या श्रेणीपासून पुढे प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्यासाठी साधारणपणे पाचव्या श्रेणीची संगीतशास्त्राची (थिअरी) परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते. ती झाली नसेल तर या वर्षी उरकावी. पदवीच्या काळात पियानोची आठवी श्रेणी, आणि त्यानंतर अध्यापनाची पदविका, असा क्रम ठेवल्यास शाळेत संगीतशिक्षक म्हणून किंवा घरी शिकवण्या घेऊन तिची मिळकत सुरू होईल, आणि रविवार चर्चसाठी मोकळा राहील.

येत्या महिन्यात तिच्याकडून एक गोष्ट करवून घ्या. उपासनेतले कोणतेही चार सुरांचे गीत घेऊन तिने सोप्रानो (सर्वांत वरचा आवाज) उजव्या हाताने आणि अल्टो व टेनर (मधले दोन) डाव्या हाताने वाजवावे, आणि बासचा (सर्वांत खालचा) भाग न वाजवता गाऊन दाखवावा, कारण पुढे तो पायांकडे जाणार आहे. हे करताना ती कंटाळते की रात्री जेवायला उठायचे विसरते, ते मला कळवा.